संगणक कक्षापासून खिशातल्या फोनपर्यंत : मुलांच्या सायबर सुरक्षा शिक्षणाचा इतिहास

मुलांनी संगणक आणि फोन कसा वापरावा, कशापासून जपावे आणि अडचण आली तर कोणाला सांगावे, याचे पद्धतशीर शिक्षण भारतात एकविसाव्या शतकात सुरू झाले. त्याआधी यंत्रे आली होती, त्यांचे वर्ग भरत होते, कायदाही झाला होता. मुलाला सावध करणारा धडा मात्र सर्वांत शेवटी आला. हा इतिहास बराचसा पडद्याच्या जागेशी बांधलेला आहे. पडदा आधी शाळेच्या कुलूपबंद खोलीत होता, मग नाक्यावरच्या सायबर कॅफेत आला, तिथून घरात शिरला आणि शेवटी मुलाच्या हातात गेला. जागा बदलली तशी राखणदारी करणारी माणसे बदलली आणि जुनी राखण नव्या जागी दरवेळी तोकडी पडली.

शाळेतील संगणक कक्ष

भारतीय शाळांमध्ये संगणक पोहोचवण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ मध्ये झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून ‘क्लास’ नावाची संगणक साक्षरता योजना आखली. तिची सुरुवात सुमारे २५० माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांपासून झाली. त्यासाठी निवडलेले यंत्र होते ब्रिटनमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचे ‘बीबीसी मायक्रो’. बीबीसीने प्रौढांना आणि मुलांना संगणकाची ओळख करून देण्यासाठी जी मोहीम काढली होती, तिच्यासाठी हे यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारात आले होते. त्याच्या प्रचलित ‘बी’ मॉडेलची मेमरी ३२ किलोबाइट होती. मुले त्यावर ‘बेसिक’ भाषेत छोटे प्रोग्रॅम लिहीत. पुढे अनेक शाळांत ‘लोगो’ आली. वॉली फ्यूर्झिग, सेमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी तयार केलेल्या या भाषेत पडद्यावरच्या कासवाला हुकूम देऊन आकृत्या काढता येत.

या काळात जपायचे होते ते यंत्र. संगणक कक्षाला कुलूप असे, किल्ली शिक्षकांकडे असे. चपला बाहेर काढून आत जायचे, धुळीपासून वाचवण्यासाठी घातलेले आवरण शिक्षकांनीच काढायचे, सांगितल्याशिवाय कळफलकाला हात लावायचा नाही, असे नियम असत. एका यंत्रासमोर तीन-चार मुले बसत आणि तासाचा बराचसा वेळ फळ्यावरून उतरवून घेण्यात जाई. यंत्र बाहेरच्या जगाशी जोडलेले नसल्यामुळे मुलाला त्यातून धोका संभवत नव्हता.

धोक्याची पहिली जाणीव फ्लॉपीतून आली. लाहोरमधील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६ मध्ये फ्लॉपींमधून जगभर पसरला. १९९२ च्या मार्चमध्ये ‘मायकेलअँजेलो’ व्हायरसच्या धास्तीने संगणक वापरणारे जग हादरले होते. पुण्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात याच गरजेतून व्हायरसविरोधी प्रणाली तयार केली. ‘क्विक हील’ या नावाने ती पुढे देशभर पोहोचली. ‘बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय घालू नये’ ही सूचना अनेक संगणक कक्षांच्या भिंतींवर लागली. तिचा रोखही मुलापेक्षा यंत्राकडेच होता.

इंटरनेट आणि पहिले नियम

१९९५ च्या उन्हाळ्यानंतर दोन आठवड्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. ३१ जुलैला कोलकाता आणि दिल्ली यांच्यातील संभाषणाने देशात मोबाइल सेवा सुरू झाली आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. दोन्ही सेवा महाग होत्या आणि मोजक्या शहरांपुरत्या होत्या. त्या लहान मुलांच्या हाती पडतील, असे तेव्हा कोणाला वाटले नव्हते.

अमेरिकेत ही वेळ थोडी आधी आली. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या तेथील राष्ट्रीय केंद्राने १९९४ मध्ये लॅरी मॅगिड यांनी लिहिलेली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. घराचा पत्ता, फोन नंबर आणि शाळेचे नाव अनोळखी व्यक्तीला सांगू नये, ऑनलाइन ओळख झालेल्या कोणाला आईवडिलांना विचारल्याशिवाय भेटू नये, अस्वस्थ करणारा मजकूर आला तर उत्तर न देता घरी सांगावे, असा तिचा गाभा होता. तीस वर्षांनंतर मराठी शाळांतील भित्तिपत्रकांवर जे नियम दिसतात, त्यांचे मूळ या काळात आहे.

कायद्याच्या बाजूने मात्र धडपड चालू होती. इंटरनेटवरील अश्लीलतेला आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९९६ मध्ये केलेल्या कायद्यातील मुख्य तरतुदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केल्या. १९९८ मध्ये मुलांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून तो लागू झाला. १३ वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही, असे त्याने ठरवले. ही कटकट टाळण्यासाठी बहुतेक कंपन्यांनी खाते उघडण्याचे किमान वय १३ ठेवले आणि हीच अट भारतातही आली. वय पडताळण्याची सोय नसल्याने असंख्य मुलांनी जन्मसाल खोटे टाकून खाती उघडली. मुलांना वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने त्यांना ऑनलाइन जगाच्या दारातच खोटे बोलायला लावले. पुढे त्याच खात्यावर काही वाईट घडले, तर घरी सांगण्याची चोरी होऊन बसली.

उघड्यावरचा पडदा

भारतीय मुलांची इंटरनेटशी पहिली गाठ घरात पडली नाही, सायबर कॅफेत पडली. २००० च्या सुमारास मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत कॅफे उघडले. ताशी दर, लाकडी कप्पे आणि कप्प्याला पडदा, ही त्यांची ठरलेली रचना. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला होता, पण कॅफेत बसलेल्या मुलाविषयी त्यात वेगळे काही नव्हते. २००१ मध्ये इंटरनेटवरील अश्लील सामग्री मुलांना सहज पाहता येते, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. न्यायालयाने त्यावर समिती नेमली. समितीने २००२ मध्ये दिलेल्या अहवालात कॅफेत येणाऱ्यांची ओळखपत्रे पाहावीत आणि अल्पवयीन मुलांना आडोशाच्या कप्प्यात न बसवता मोकळ्या जागेतील संगणक द्यावेत, अशा शिफारशी केल्या.

याच विचाराला पुढे केंद्राच्या नियमांत जागा मिळाली. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी कप्प्याची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसावी, असे सांगितले. कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, अल्पवयीन मुलाला पालक सोबत असल्याशिवाय कप्पा देऊ नये आणि वापराची नोंद किमान एक वर्ष ठेवावी, अशाही अटी होत्या. साडेचार फूट म्हणजे बसलेले मूल उभ्या माणसाला दिसेल इतकी उंची. दहा जणांच्या नजरेसमोरचा पडदा सुरक्षित, ही समजूत या मापात उतरली होती.

ही समजूत निराधार नव्हती. दिल्लीतील कालकाजी भागात २६ जानेवारी १९९९ रोजी सुगाता मित्रा यांनी एनआयआयटी संस्थेच्या कुंपणाच्या भिंतीत एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. शिक्षक नसताना तेथील मुले एकमेकांचे पाहून तो वापरायला शिकली. पुढे असे संगणक देशात अनेक ठिकाणी बसवले गेले. महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गावांचाही त्यात समावेश होता. हे पडदे मुलांच्या उंचीला आणि रहदारीच्या जागी लावलेले असत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसत, म्हणून नको ते पाहण्याची शक्यता आपोआप कमी होई. शिकणे आणि राखण या दोन्ही गोष्टी गर्दीने केल्या. या प्रयोगातून शिक्षकाविना किती शिक्षण होते, यावर पुढे मतभेद झाले, पण उघड्या जागेचा धडा टिकून राहिला. घरातला संगणक बैठकीच्या खोलीत ठेवावा, हा पालकांना वर्षानुवर्षे दिला गेलेला सल्ला याच विचारातला आहे.

मोबाइल आणि बंदी

साडेचार फुटांचा नियम झाला, तोवर पडदा कॅफेतून निसटला होता. २००४ च्या अखेरीस दिल्लीतील शाळकरी मुलांची मोबाइलवर काढलेली एक खासगी चित्रफीत पसरली आणि देशभर खळबळ उडाली. कॅमेरा असलेला फोन शाळेत काय करू शकतो, हे पहिल्यांदाच ठसठशीतपणे दिसले. शाळांनी आणि मंडळांनी त्यावर बंदीचे उत्तर दिले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये शाळेत मोबाइल आणण्यावर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले. दप्तरे तपासणे, सापडलेला फोन जप्त करणे आणि पालकांना बोलावून घेणे ही अनेक शाळांची रीत झाली. शाळेच्या आवारापुरती बंदीने शिस्त राखली. आवाराबाहेरच्या अठरा तासांत मुलाने काय करावे, याबाबत तिच्याकडे उत्तर नव्हते.

कायदा या काळात पुष्कळ पुढे गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ ची दुरुस्ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. तिच्या ६७-ब या कलमाने १८ वर्षांखालील मुलांची लैंगिक चित्रे तयार करणे, साठवणे, पाहणे, पसरवणे आणि मुलांना ऑनलाइन फूस लावणे हे गुन्हे ठरवले. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देण्यासाठी १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने डिजिटल माध्यमातून मुलाचा लैंगिक हेतूने पाठलाग करणेही गुन्ह्यात आणले.

मदत मागण्याची वाट महाराष्ट्रात आधीच तयार होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये मुंबईत १०९८ ही चाइल्डलाइन सुरू झाली. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना कोणत्याही सार्वजनिक फोनवरून फुकट मदत मागता यावी, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे ती देशभर पसरली. मुंबईतच ‘प्रेरणा’ संस्थेच्या ‘आरंभ इंडिया’ उपक्रमाने २०१६ मध्ये ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनच्या सहकार्याने मुलांची आक्षेपार्ह छायाचित्रे आणि चित्रफिती इंटरनेटवरून काढून टाकण्यासाठी तक्रार नोंदवण्याची सोय केली. भारतातील ही अशा प्रकारची पहिली व्यवस्था होती.

अभ्यासक्रमात प्रवेश

शाळेच्या अभ्यासक्रमात या विषयाला हळूहळू जागा मिळाली. शालेय शिक्षणातील माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये आले. पाठोपाठ एनसीईआरटीने आखलेल्या अभ्यासक्रमात संगणक चालवण्याच्या कौशल्याबरोबर सुरक्षित, नैतिक आणि कायदेशीर वापराचा समावेश झाला. महाराष्ट्रात प्रौढांच्या संगणक साक्षरतेचे काम २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने मोठ्या प्रमाणावर केले. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र लागत असल्याने गावोगावी त्याची केंद्रे उघडली. त्यामुळे अनेक घरांत संगणकाला न बिचकणारे निदान एक मोठे माणूस तयार झाले.

बालभारतीने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ पुस्तकाच्या दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ नावाचा पाठ आहे. व्यसने आणि ताणतणाव यांच्या जोडीने मोबाइलचा अतिरेक, सेल्फीचा हव्यास आणि सायबर गुन्हे त्यात येतात. फोनच्या वापराकडे तंत्राचा विषय म्हणून न पाहता आरोग्याचा विषय म्हणून पाहण्याची ही दृष्टी महत्त्वाची होती. पण दहावीतल्या मुलाच्या हातात तोवर फोन येऊन काही वर्षे उलटलेली असतात. ही अडचण पुस्तकाला सोडवता आली नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले. वर्षभरातच ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित खेळाच्या बातम्यांनी पालकांची झोप उडवली. मुलांच्या आत्महत्या या खेळाशी जोडल्या गेल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रीय मंडळाने शाळांना पुन्हा परिपत्रक पाठवले. परवानगीशिवाय फोन आणि टॅब्लेट शाळेत किंवा शाळेच्या बसमध्ये आणू नयेत, शाळेच्या संगणकांवर नको तो मजकूर अडवणाऱ्या चाळण्या बसवाव्यात, तसेच मुलांना इंटरनेटच्या सुरक्षित वापराचे शिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले होते. चौकशीत एकाही मृत्यूचा या खेळाशी संबंध सिद्ध झाला नाही, असे सरकारने २०१८ च्या सुरुवातीला संसदेत सांगितले. घबराटीतून का होईना, शिक्षणाची सूचना बंदीच्या शेजारी येऊन बसली होती.

टाळेबंदीचे वर्ष

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्षानुवर्षे जप्त होणारा फोनच शाळा बनला. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेले. शाळेचा व्हॉट्सअॅप गट, शिकवण्याची चित्रफीत, गृहपाठाचा फोटो हे सगळे एकाच यंत्रावर आले. त्याच यंत्रावर वडिलांचे बँक खाते आणि आईचे पेमेंट अॅपही होते.

सुरक्षिततेच्या सूचना या वर्षात एकापाठोपाठ एक निघाल्या. एनसीईआरटीने युनेस्कोच्या दिल्ली कार्यालयासोबत सुरक्षित ऑनलाइन शिक्षणाची पुस्तिका काढली. केंद्रीय मंडळाने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांद्वारे पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दिवसाला दोन तासिका आणि नववी ते बारावीसाठी चार तासिका, अशी मर्यादा घातली. शाळेतला तास किती वेळ पडद्यावर चालावा, हे देशपातळीवर ठरवण्याची ही पहिलीच वेळ होती.

गावाने घेतलेला भार

शाळा पुन्हा भरल्या, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला. यावर महाराष्ट्रातील काही गावांनी आपापले मार्ग काढले. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक रीत सुरू झाली. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. त्यासरशी घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो. सुरुवातीला हे अंगवळणी पडावे म्हणून आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. या रीतीचे बळ मोठ्यांचाही पडदा बंद होण्यात आहे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. एका गावाने सर्वांसाठी वेळ ठरवली, दुसऱ्याने फक्त मुलांवर बंधन घातले. शाळांनी आधीच्या वीस वर्षांत चोखाळलेल्या दोन वाटा अशा गावपातळीवर पुन्हा दिसल्या.

शिकवणारे हातही बदलले. पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तयार करून शाळांत पाठवण्याची पद्धत रूढ केली. वयाने जवळची ताई किंवा दादा समोर असला, की पालकांपुढे न विचारता येणारे प्रश्न मुले विचारतात.

आजचा धडा

आज मुलांना जे शिकवले जाते, त्यात ‘सांगू नका, भेटू नका’ या १९९४ च्या गाभ्यावर बरीच भर पडली आहे. ओटीपी कोणालाही न देणे, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवणे, प्रोफाइल खासगी करणे, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करून त्याची तक्रार नोंदवणे ही त्यातली तांत्रिक बाजू. धमकीचा संदेश आला तर घाबरून तो पुसून न टाकता त्याचा स्क्रीनशॉट ठेवणे, पैसे किंवा आणखी फोटो न पाठवणे आणि त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणे ही अधिक महत्त्वाची बाजू. तक्रारीसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल २०१९ पासून सर्व प्रकारच्या गुन्ह्यांसाठी खुले आहे. २०२२ पासून १९३० हा मदत क्रमांक चालू आहे आणि २०२३ पासून सरकारी यंत्रणेत गेलेली १०९८ ही सेवाही उपलब्ध आहे.

हे शिक्षण कुठवर पोहोचले, याचा अंदाज ‘असर २०२४’ अहवालातून येतो. ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. यांतल्या समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांना एखादे प्रोफाइल ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची हे ठाऊक होते. आपले प्रोफाइल खासगी करणे सुमारे ५५ टक्क्यांना, तर पासवर्ड बदलणे सुमारे ५८ टक्क्यांना माहीत होते. फोन हाताळण्याचे शिक्षण मुले आपापसांत घेतात. स्वतःला जपण्याचे शिक्षण तसे आपोआप होत नाही, हे या आकड्यांतील अंतर सांगते.

कायदाही पुन्हा वयाच्या प्रश्नाकडे वळला आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवरील खाती ठेवू न देणारा कायदा संमत केला. अशा अटी किती पाळल्या जातील, हे १३ वर्षांच्या अटीचा अनुभव पाहून ओळखता येते. खोटे जन्मसाल टाकणाऱ्या मुलाला अडचणीच्या वेळी खरे सांगता आले पाहिजे, याची तरतूद कायद्यात करता येत नाही. ती घरात आणि वर्गातच करावी लागते.

चाळीस वर्षांत कुलूप, मोकळी जागा, बंदी आणि वयाची अट हे चारही उपाय करून झाले. जिथे पडदा एका जागी होता, तिथे त्यांनी काम केले. मुलाबरोबर सगळीकडे जाणारी राखण दोनच गोष्टींची आहे : त्याला वेळेवर मिळालेली समज, आणि चूक झाली तरी आपले ऐकून घेतले जाईल हा त्याचा भरवसा. ‘सांगितले तर फोन काढून घेतील’ ही भीती गुन्हेगाराच्या पथ्यावर पडते. म्हणून मुलाच्या हाती फोन देणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, की काहीही झाले तरी आधी येऊन सांग, रागावणार नाही. आणि तो येऊन सांगेल त्या दिवशी हा शब्द पाळावा.